पलीकडचे हात

मी औषधांच्या कोठीत खाली बसून माझीच नाडी मोजत होते. एकशे आठ. सकाळी ब्याण्णव होती. शेजारच्या बादलीत हिरवं पित्त होतं आणि पोट फुगून ताठ झालं होतं.

बाहेरून ओंबळे सरांची हाक आली. "डॉक्टर, ताटं वाढलीत. येताय ना?"

"तुम्ही बसा. माझा उपास आहे."

"उपास? आज वार कोणता, ते तरी माहितीये का?"

"मंगळावर रोजच मंगळवार, सर."

ते हसले आणि चपला ओढत निघून गेले. मी तोंडावर हात दाबून पुढची कळ सोसली.

या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली. मी, निर्मला गावित, तेव्हा एक्कावन्न वर्षांची होते आणि मंगळावरच्या आमच्या वसाहतीतली एकुलती एक डॉक्टर होते. पंधरा जण आलो होतो, चौदा उरलो होतो. त्यातले अकरा जण उत्तरेच्या खाणीवर गेले होते आणि धुळीच्या वादळामुळे तिकडेच अडकले होते. वसाहतीत आम्ही तिघंच. आमचे प्रमुख दत्ताजी ओंबळे, ज्यांचं उजवं मनगट आठवड्यापूर्वी मोडलं होतं आणि मीच प्लॅस्टरमध्ये बांधलं होतं. मी. आणि शहनाज.

पृथ्वीला विचारायची सोय नव्हती. दर सव्वीस महिन्यांनी पृथ्वी आणि मंगळ यांच्या मधोमध सूर्य येतो, आणि ते पंधरा दिवस संदेश जात नाहीत की येत नाहीत. त्यातले चारच दिवस झाले होते. शस्त्रक्रियेचं यंत्र होतं, पण ते प्रत्येक टप्प्याला पृथ्वीवरून परवानगी मागायचं. ती आल्याशिवाय त्याचे हात हलत नसत.

मला काय झालंय हे मला आदल्या संध्याकाळीच कळलं होतं. इकडे येणाऱ्या प्रत्येकाचं अपेंडिक्स पृथ्वीवरून निघण्याआधीच काढून टाकतात. माझंही काढलं होतं. त्या जुन्या जखमेपाशी आत एक चिवट पट्टा तयार झाला होता, आणि त्याच्याखाली आतडं अडकलं होतं. सकाळपर्यंत कळ यायची आणि जायची. दुपारपासून ती जायची थांबली. म्हणजे आतड्याचं रक्त तुटत चाललं होतं. ते काळं पडणार, मग फुटणार. त्यानंतर फार तर दोन दिवस.

या सगळ्याचा विचार मी एखाद्या परक्या पेशंटबद्दल करावा तसा करत होते. भीती वाटत नव्हती असं नाही. पण भीतीपेक्षा एक वेगळीच गोष्ट वाटत होती, आणि तिला मी नाव देत नव्हते.

कोठीच्या भिंतीला लागूनच शस्त्रक्रियेची खोली होती. रिकामी. तरी तिथून श्वास ऐकू यायचा. एक लांब, एक अडकलेला, मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा एक लांब. चौदा महिने मी तो ऐकत होते. हवा खेळवणाऱ्या नळ्या तीनदा तपासून घेतल्या होत्या. नळ्यांत काही नव्हतं.

तो श्वास इरफानचा होता. शहनाजच्या नवऱ्याचा. खोदकामाच्या यंत्राचा दांडा त्याच्या छातीवर बसला, तेव्हा त्याला माझ्या टेबलावर आणलं होतं. चाळीस मिनिटांनी तो गेला.

मी कागद घेतला. सर्वांच्या औषधांची यादी लिहिली. ओंबळे सरांचं प्लॅस्टर केव्हा काढायचं ते लिहिलं. कुठल्या कपाटात काय आहे ते लिहिलं. झोपेचं औषध भरलेली सुई मांडीशी ठेवली होती. शेवटी लिहिलं, 'मला आतड्याचा आजार झाला होता. इथल्या परिस्थितीत कोणीही काही करू शकलं नसतं.' खाली सही केली.

तेवढ्यात दार सरकलं.

"सरांचं मनगट ठणकतंय. गोळी पाहिजे होती," शहनाज म्हणाली आणि थांबली. तिनं बादली पाहिली. सुई पाहिली. माझा चेहरा पाहिला.

शहनाज तेव्हा चौतीस वर्षांची होती. मिरजेची. तिचे अब्बा सतारी घडवायचे. ती आमचे बाहेर घालायचे पोशाख दुरुस्त करायची. त्या पोशाखाला केसाएवढं भोक राहिलं तरी आतला माणूस मरतो, आणि तिचा टाका कधी उसवला नव्हता. इरफान गेल्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. हातमोजे तपासून झाले. सही करा. बस.

"गोळी वरच्या खणात आहे," मी म्हणाले. "घ्या आणि जा."

ती वाकली आणि माझ्या मांडीवरचा कागद उचलला. मला हात वर करायची ताकद नव्हती. तिनं यादी वाचली. मग शेवटच्या ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या.

"हे वाक्य मी आधी वाचलंय," ती म्हणाली.

मी बादलीकडे मान वळवली.

"इरफानच्या अहवालात. शेवटची ओळ. 'कोणीही काही करू शकलं नसतं.' शब्द न् शब्द तोच."

"शहनाज, मला पडू द्या."

"खरं सांगा. काहीच करता येत नाही?"

खोटं बोलायला माझ्याकडे वेळ होता. जीभही होती. पण कळ आली आणि तिच्याबरोबर तोंडातून निघून गेलं, "पोट उघडावं लागेल. आत एक पट्टा आहे, तो कापावा लागेल. मला स्वतःला ते करता येणार नाही."

"मग मी करते."

"तुम्हाला नाही जमणार."

"हे पण तुम्ही एकदा म्हणाला होतात," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. तिनं ती सुई उचलली, टोपण लावलं आणि स्वतःच्या खिशात टाकली. "किती वेळ आहे आपल्याकडे?"

"आज संध्याकाळपर्यंत. कदाचित तेवढाही नाही."

ती दारातून बाहेर डोकावली. "सर! ताट ठेवा तसंच. इकडे या."

ओंबळे सर आले, आणि सगळं ऐकून खाली बसलेच. जावळीच्या खोऱ्यातला माणूस, साठीला टेकलेला, आयुष्यभर डोंगरात बोगदे खणलेला. पण रक्त पाहिलं की त्यांना घाम सुटायचा, हे सगळ्या वसाहतीला ठाऊक होतं.

"शहनाज," ते म्हणाले, "हे शिवणकाम नाही बाई. जिवंत माणूस आहे ते."

"मला माहितीये सर."

"चुकलं तर तुझ्या माथी येईल."

"नाही केलं तर कोणाच्या माथी येईल?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "डॉक्टर, तुम्ही बोला. तुमचं शरीर आहे."

त्या क्षणी मला 'नको' म्हणता आलं असतं, आणि दोघांनी ते मानलं असतं. तो श्वास भिंतीपलीकडून येतच होता. मी शहनाजच्या हातांकडे पाहिलं. बोटांच्या टोकांना घट्टे होते, नखं अगदी बारीक कापलेली. हात स्थिर होते. चौदा महिन्यांपूर्वीही ते इतकेच स्थिर होते. मी ते तेव्हा पाहिले होते, आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं.

"करा," मी म्हणाले. त्या एका शब्दाला मला फार वेळ लागला.

पुढचा तासभर मी बोलत राहिले आणि ती करत राहिली. हात कसे धुवायचे, कोपरापर्यंत. कोणती हत्यारं उकळत्या वाफेतून काढायची. माझ्या नाकातून पोटात नळी घालताना मी ओकले, तिनं पुसलं आणि पुन्हा घातली. पाठीच्या कण्यात सुई द्यायला एक छोटं यंत्र होतं, ते मणके पाहून जागा आणि खोली दाखवायचं. सुई मात्र माणसालाच ढकलावी लागे. मी टेबलावर कुशीवर वळून गुडघे छातीशी घेतले. माझं तोंड भिंतीकडे होतं.

"आता एक फट् असं जाणवेल बोटांना," मी म्हणाले. "तिथं थांबायचं."

"जाणवलं."

"सुईतून कण्यातलं स्वच्छ पाणी येतंय?"

"थेंब थेंब."

"औषध सोडा. सावकाश."

कंबरेखालचं शरीर जड झालं आणि मग नाहीसंच झालं. कळही गेली. दुपारनंतरचा कळ नसलेला पहिला क्षण. मला रडू आलं. मी भिंतीकडे तोंड करून ते गिळलं.

त्यांनी मला उताणं केलं. दिव्याशेजारी एक आरसा बांधला, म्हणजे मला माझं पोट दिसेल. ओंबळे सरांनी टेबलाकडे पाठ केली आणि माझ्या डोक्याशी उभे राहिले. मंगळावर गुरुत्वाकर्षण कमी, सलाइन फार हळू उतरतं, पिशवी दाबत राहावी लागते. त्यांचा एकच हात चालत होता, म्हणून त्यांनी पिशवी काखेत धरली आणि दंडानं दाबू लागले. नाडीचा आकडा दर मिनिटाला मोठ्यानं वाचायचं कामही त्यांच्याकडेच होतं.

"एकशे अठरा," ते म्हणाले.

"बेंबीच्या खालून," मी म्हणाले. "सरळ रेषेत खाली. आधी कातडी, मग चरबी. मग पांढरा पडदा दिसेल. घाबरू नका आणि घाई करू नका."

आरशात तिचा हात खाली आला. पातं टेकलं. एक क्षण काहीच झालं नाही.

"शहनाज?"

"हो. थांबा." तिनं डोळे मिटले आणि उघडले. मग कातडी उघडली.

मी पेशंटचं पोट हजार वेळा पाहिलं होतं. स्वतःचं पाहताना एक विचित्र गोष्ट झाली. मला लाज वाटली. कोणीतरी आपलं कपाट उघडून आतला पसारा पाहावा तशी. तिनं रक्त टिपलं, मी सांगितलं तिथं चिमटे लावले, पांढरा पडदा उचलून कापला. आत फुगलेलं आतडं वर उसळलं. ओंबळे सरांनी वास आल्याबरोबर मान आणखी वळवली, पण पिशवी सोडली नाही.

"आता हात आत घाला. उजव्या बाजूला, खाली. बोटांनी चाचपा. कुठंतरी ताणलेली दोरी लागेल."

तिचा हात मनगटापर्यंत माझ्या पोटात गेला. दुखलं नाही, पण ओढ जाणवली. बेंबीपासून घशापर्यंत, जणू आतून कोणी वस्त्र खेचतंय.

आणि तेव्हाच मला तो श्वास ऐकू आला. या वेळी भिंतीपलीकडून नाही. इथंच, टेबलावर. एक लांब, एक अडकलेला, मग काही नाही. मी डोळे फिरवून खोलीभर पाहिलं. कोणी नव्हतं. मग मला कळलं की तो श्वास माझा होता.

"एकशे सव्वीस," सर म्हणाले. "रक्तदाब उतरतोय, शहनाज."

मी मरणार, असं मला तेव्हा अगदी स्वच्छ वाटलं. आणि मरण्याआधी एक गोष्ट उतरवून ठेवायची होती.

"शहनाज," मी म्हणाले, "इरफानच्या वेळी..."

"आत्ता नको."

"मला सांगू द्या. मग वेळ राहणार नाही."

"तुम्हाला सांगून मोकळं व्हायचंय आणि मग मरायचंय." ती आरशात पाहत नव्हती, माझ्या पोटात पाहत होती. "ते जमायचं नाही. माझा हात हलेल. आधी हे होऊ दे. बाकीचं तुम्ही उठून बसल्यावर."

"मी उठले नाही तर?"

"तर ते तुमच्याबरोबर जाईल. मला नकोय ते असं."

सरांनी आकडा वाचायचा तेवढा वाचला.

"लागली," शहनाज म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. "दोरी लागली. तंबोऱ्याच्या तारेसारखी ताठ आहे."

"तिच्या आणि आतड्याच्या मधे बोट घाला. बोट काढायचं नाही. बोटावरच कापायची."

कात्रीचा आवाज आला. लहानसा. पोटात काहीतरी सैल झालं, आणि तिनं अडकलेलं आतडं हळूच बाहेर काढलं. आरशात मी ते पाहिलं. हातभर लांब, पिकल्या जांभळासारखं. मधला बोटभर भाग जवळजवळ काळा.

"गरम पाण्यात भिजवलेली फडकी," मी म्हणाले. "त्यावर ठेवा. दहा मिनिटं. रंग परत आला तर आतडं जगलं."

दहा मिनिटं खोलीत फक्त सरांचा आवाज होता. एकशे अठ्ठावीस. एकशे तीस. एकशे एकतीस. तिनं फडकं उचललं. कडेचा रंग लालसर झाला होता. मधला तो तुकडा तसाच होता.

"तो मेलाय," मी म्हणाले. "तो कापून जोडावा लागतो, ते तुमच्याकडून होणार नाही. आत ढकला आणि शिवून टाका."

"आणि मग?"

"मग काही नाही. तुम्ही खूप केलंत."

"अजून थांबते."

"शहनाज, मी डॉक्टर आहे, मी सांगते..."

"आत्ता डॉक्टर कोण, ते आपण नंतर ठरवू." तिनं मान वर केली. पहिल्यांदाच तिनं आरशातून माझ्या डोळ्यांत पाहिलं. "मागच्या खेपेला तुम्ही सांगितलं आणि मी ऐकलं. सर, पाणी अजून गरम करा."

सरांनी पिशवी माझ्या खांद्याखाली सारली, म्हणजे माझ्याच वजनानं दाबली जाईल, आणि गरम पाणी आणून दिलं. तिनं नवं फडकं ठेवलं. वर आपले दोन्ही तळवे ठेवले आणि तशीच उभी राहिली. मला झोप यायला लागली होती. ती गाढ, गोड झोप म्हणजे काय, ते मला माहीत होतं. तिनं माझं नाव घेतलं. डॉक्टर नाही. "निर्मलाताई," ती म्हणाली, "झोपू नका. तुमचं गाव कोणतं?"

"नवापूर."

"नवापुरात काय आहे?"

"स्टेशन आहे. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत."

"मग तिकीट कुठून काढायचं?"

"महाराष्ट्रातून," मी म्हणाले, आणि सर मागून किंचित हसले. रडवेलं हसू होतं ते.

तिनं फडकं उचललं. मला दिसेना. "काय रंग आहे?" मी विचारलं.

ती दिव्याखाली वाकली.

"गुलाबी," ती म्हणाली. "मधे अजून डाग आहे. पण मी बोट टेकवलं, तर ते हललं. आपोआप आक्रसलं."

हललं म्हणजे जिवंत होतं. मी ते सांगायला तोंड उघडलं, पण तिला ते कळलं होतं. तिनं सुई-दोरा हातात घेतला होता.

पाच दिवस ताप होता. त्या दिवसांचं मला फारसं आठवत नाही. कोणीतरी तोंडात कापसानं पाणी टिपत होतं. कोणीतरी पाठीखालची चादर बदलत होतं. मला नकोसं व्हायचं. मी हात झटकायची, आणि तो हात पुन्हा यायचा.

सहाव्या दिवशी मी उशीला टेकून बसले. शहनाज पेज घेऊन आली. मी म्हणाले, "आता मी उठून बसलेय."

तिनं वाटी खाली ठेवली आणि स्टूल ओढलं.

मी सांगितलं. छातीच्या फासळीखालची एक रक्तवाहिनी तुटली होती. एका हातानं ती दाबून धरली तर रक्त थांबत होतं, पण मग दोरा बांधायला एकच हात उरायचा. सोडला की छाती भरायची. दुसऱ्या कोणी नुसतं दाबून धरलं असतं तर मी ती दोन मिनिटांत बांधली असती. डॉक्टर लागत नव्हता. कोणीही चाललं असतं. तिनं विचारलं होतं, मी धरते, माझे हात स्थिर आहेत. मी म्हणाले होते, तुम्हाला नाही जमणार, बाहेर थांबा, इथं रडारड नको. ती रडत नव्हतीच. मी आयुष्यभर एकटीनं शस्त्रक्रिया केल्या होत्या, आदिवासी पाड्यांवर, कंदिलाच्या उजेडात, आणि त्याचा मला गर्व होता. तो गर्व चाळीस मिनिटं टिकला. पंचविसाव्या मिनिटाला मला कळलं होतं की हाक मारायला हवी. तरी मी मारली नाही. तोवर ती मारणं म्हणजे चूक कबूल करणं झालं होतं.

"मला माहीत आहे," शहनाज म्हणाली.

"कसं?"

"दार काचेचं होतं, डॉक्टर."

मी तिच्याकडे पाहत राहिले.

"मी तिथंच उभी होते. सगळं दिसत होतं. तुमचा उजवा हात आत होता. दोऱ्याचं टोक तुम्ही दातात धरलं होतंत. तिसऱ्यांदा निसटलं तेव्हा तुम्ही दाराकडे पाहिलंत. मी काचेवर हात ठेवले होते. तुम्ही मला पाहिलंत. आणि परत मान वळवलीत."

"मग तुम्ही आत का नाही आलात?"

"आतून कडी होती."

ती कडी मी घातली होती. ते मी अहवालात लिहिलं नव्हतं. स्वतःशीसुद्धा कधी म्हटलं नव्हतं. आत्ता तिनं म्हटलं, तेव्हा कडीचा थंडपणा मला बोटांवर जाणवला.

"तुम्ही कोणाला सांगितलं का नाहीत?"

"कोणाला सांगू? उद्या कोणी आजारी पडलं तर तुमच्याकडेच आणणार ना सगळे. तुमच्यावर विश्वास नाही म्हणून सांगून काय करू?"

"मग मला का वाचवलंत?"

तिनं वाटीतली पेज ढवळली. "नक्की माहीत नाही," ती म्हणाली. "तुमच्या चिठ्ठीतलं ते वाक्य वाचलं आणि डोकं फिरलं. ते दुसऱ्यांदा खोटं लिहिलं जात होतं. पेज प्या, निवेल."

सूर्य बाजूला झाला आणि पृथ्वीशी बोलणं सुरू झालं, त्या दिवशी मी इरफानचा अहवाल पुन्हा लिहिला. कडीसकट. ओंबळे सरांनी तो वाचला, चष्मा पुसला आणि पाठवला. पुढे चौकशी झाली. माझी डॉक्टरकीची नोंदणी गेली, आणि जायलाच हवी होती. पण दुसरा डॉक्टर घेऊन यान यायला सव्वादोन वर्षं लागणार होती, तोवर वसाहतीला मीच होते. त्या काळात मी सात शस्त्रक्रिया केल्या. सातही वेळा शहनाज टेबलाच्या पलीकडे होती. सातही माणसं जगली. मी पृथ्वीवर परत आले, ती आली नाही. नव्या डॉक्टरांना आता तीच शिकवते म्हणे. आमची पत्रं होत नाहीत. तिनं मला माफ केलं का, हे मी कधी विचारलं नाही, आणि तिनं सांगितलं नाही. तो श्वास अधूनमधून इथंही ऐकू येतो.

पण टाके काढले त्या दिवसाचं सांगायचं राहिलं.

बारावा दिवस होता. वादळ ओसरलं होतं आणि खिडकीतून तांबूस ऊन टेबलावर येत होतं. मी उताणी पडले होते. शहनाजनं एक एक टाका चिमट्यानं उचलून कापायला सुरुवात केली. एकूण अकरा होते. इतके सारखे टाके मी कोणा सर्जनचे पाहिले नव्हते, आणि तसं मी तिला म्हणाले. तिनं पुढचा टाका उचलला.

सातवा टाका निघाला, तेव्हा ती म्हणाली, "एक विचारू?"

"विचारा."

"काचेतून दिसत होतं. ऐकू येत नव्हतं." कात्री आठव्या टाक्यावर थांबली होती. "त्याचे ओठ हलत होते. काय म्हणत होता?"

हा प्रश्न येईल हे मला चौदा महिने ठाऊक होतं. रात्रंदिवस मी त्याची उत्तरं तयार केली होती. त्याला शुद्ध नव्हती. तो कलमा पुटपुटत होता. तो आईला हाका मारत होता. यातलं कुठलंही चाललं असतं.

"तुम्हाला बोलवत होता," मी म्हणाले. "म्हणत होता, शहनाजला आत घ्या."

कात्री हलली नाही.

"किती वेळा?"

"सहा वेळा. पहिल्यांदा मोठ्यानं. शेवटच्या वेळी आवाज नव्हता, नुसते ओठ."

"ते मी पाहिले," ती म्हणाली. "शेवटचे. मला वाटलं, पाणी मागतोय."

तिनं चिमटा खाली ठेवला आणि मनगटाच्या मागच्या बाजूनं डोळे पुसले, हातमोज्याला लागू न देता. खूप वेळ ती माझ्या पोटाकडे पाहत उभी राहिली. जखमेचा खालचा भाग अजून नाजूक होता. तिच्या हातात कात्री होती. मी डोळे मिटले नाहीत.

मग तिनं चिमटा उचलला आणि आठवा टाका काढला. नववा. दहावा. शेवटचा खोल रुतला होता. त्याच्यापाशी ती जास्त सावकाश गेली, आणि तो दुखला नाही.

जखमेवर पट्टी लावून ती हात धुवायला वळली. पाण्याच्या आवाजात म्हणाली, "ही पट्टी उद्या बदलायची ना?"

"मी बदलेन," मी म्हणाले. "आता मला वाकता येतं."

ती हात धूत राहिली. नळ बंद केला. टॉवेलनं एक एक बोट कोरडं केलं. मी माझं वाक्य तेवढ्या वेळात दहादा ऐकलं.

"नाही," मी म्हणाले. "तुम्ही या. खालचं टोक मला दिसत नाही. मला एकटीला नाही जमणार."

ती टॉवेल दांडीवर टाकून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी डोळे उघडले, तेव्हा ती कोपरापर्यंत हात धुऊन माझ्या खाटेशी उभी होती.